उमेदवार उशिरा का ठरतो?

लोकसभेची वा विधानसभेची निवडणूक जवळ आली की दौंड तालुक्यातील पाटस, वरवंड, यवत, कुरकुंभ ह्या गावांत विरोधी पक्षांच्या कार्यकर्त्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो : आपला उमेदवार कोण? मतदानाला महिना उरला असताना ज्या पक्षाच्या कार्यकर्त्याला हा प्रश्न विचारावा लागतो, त्या पक्षाने ती निवडणूक निम्मी गमावलेली असते. उरलेली निम्मी जिंकण्यासाठी मग त्याला जे काही करावे लागते, त्यात विचारापेक्षा पैशाचा आणि संघटनेपेक्षा घराण्याचा भाग मोठा असतो. उशिरा ठरणारा उमेदवार हा केवळ व्यवस्थेतील ढिलाईचा प्रश्न नाही, तो पक्षांतर्गत लोकशाहीचा प्रश्न आहे, असे म्हणावे लागते ते ह्यामुळेच.

पुढारी ह्या दिरंगाईला डावपेच म्हणतात. प्रतिपक्षाचा उमेदवार कळू द्यावा, नाराज मंडळी कोठे जातात ते पाहावे, मित्रपक्षाला ताटकळत ठेवावे आणि मग पत्ते उघडावेत, असे हे शास्त्र आहे. वस्तुतः ज्याच्या हाती पत्ते आहेत त्याच्यापुरतेच हे शास्त्र खरे असते. ज्याने भिंती रंगवायच्या, याद्या तपासायच्या आणि मतदान केंद्रावर दिवसभर बसायचे, त्या कार्यकर्त्याच्या वाट्याला ह्या डावपेचातून फक्त धावपळ येते.

कायद्याचे घड्याळ

उशीर म्हणजे नेमका किती, हे आधी पाहिले पाहिजे. 1951च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे अधिसूचना निघाल्यापासून सातव्या दिवशी उमेदवारी अर्जांची मुदत संपते. दुसऱ्या दिवशी छाननी, त्यानंतर दोन दिवसांनी माघारीची मुदत, आणि माघारीनंतर किमान चौदा दिवसांनी मतदान. ही शेवटची मुदत पूर्वी वीस दिवसांची होती. 1996मध्ये ती चौदावर आणण्यात आली. म्हणजे कायदा जे किमान अंतर मागतो ते सारे मिळून साडेतीन आठवड्यांचे आहे. साधनसंपन्न पक्षाला मुदतीतील ही कपात जाणवली नाही. ज्यांचा प्रचार पायी आणि सायकलवर चालत असे, त्यांचे मात्र सहा दिवस गेले.

उशिरा येणाऱ्याच्या वाटेतील पहिली भिंत मतदारयादीची आहे. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की निवडणूक पार पडेपर्यंत यादीत नवे नाव चढत नाही. कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर राबणारा कामगार, लग्न होऊन नुकतीच गावात आलेली सून, अठरा वर्षे पूर्ण झालेली मुले ही ज्या पक्षाची खरी माणसे आहेत, त्या पक्षाचा उमेदवार अर्जाच्या शेवटच्या दिवशी ठरला तर ह्या माणसांना यादीत आणण्याची संधी त्याच दिवशी संपलेली असते. मतदार म्हणून त्यांचे अस्तित्व नाही आणि उमेदवार म्हणून ह्याला त्यांचा उपयोग नाही.

दुसरी भिंत चिन्हाची. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. इतरांना दहा लागतात. मान्यताप्राप्त पक्षाचे चिन्ह वर्षानुवर्षे लोकांच्या डोळ्यांसमोर असते. अपक्षाला ते माघारीनंतर, म्हणजे मतदान दोन आठवड्यांवर आले असताना मिळते. चिन्ह पोचवायला वेळ कमी पडला तर काय होते, हे 2024च्या लोकसभा निवडणुकीत साताऱ्याने दाखविले. राष्ट्रवादी काँग्रेसमधील फुटीनंतर शरद पवारांच्या पक्षाला त्या वर्षीच्या फेब्रुवारीत ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे चिन्ह मिळाले. साताऱ्यात त्यांच्या उमेदवाराचा पराभव सुमारे तेहेतीस हजार मतांनी झाला, आणि मतपत्रिकेवर ‘तुतारी’ एवढेच नाव असलेले दुसरे चिन्ह ज्या अपक्षाला मिळाले होते, त्याला सदतीस हजारांच्या घरात मते पडली. इतक्या जुन्या, इतक्या साधनसंपन्न नेतृत्वाला दोन-अडीच महिने अपुरे पडले. मग दहा सूचक गोळा करता करता दमणाऱ्या लहान पक्षाची कथा काय?

बारामतीचा धडा

पाटस हे गाव दौंड विधानसभा मतदारसंघात आणि बारामती लोकसभा मतदारसंघात येते. दौंड, इंदापूर, बारामती, पुरंदर, भोर आणि खडकवासला ह्या सहा विधानसभा क्षेत्रांचा हा पसारा आहे. एका टोकाला भीमाकाठचा ऊस, दुसऱ्या टोकाला वेल्ह्याचे डोंगर, आणि मध्येच पुण्याची उपनगरे. अशा मतदारसंघात 2019मध्ये भारतीय जनता पक्षाने कांचन कुल ह्यांची उमेदवारी मार्चच्या चौथ्या आठवड्यात जाहीर केली. मतदान 23 एप्रिलला होते. त्यांचे पती राहुल कुल हे तेव्हा राष्ट्रीय समाज पक्षाचे दौंडचे आमदार होते. केंद्रात आणि राज्यात सत्ता होती. पैशाची, वाहनांची, सभांना येणाऱ्या मोठ्या नेत्यांची वाण नव्हती. तरीही सुप्रिया सुळे 1 लाख 55 हजारांहून अधिक मताधिक्याने निवडून आल्या.

ह्या निकालाची फोड बोलकी आहे. कुल ह्यांना घरच्या दौंडमध्ये आणि शहरी खडकवासल्यात आघाडी मिळाली. दौंडमध्ये माणूस ओळखीचा होता, खडकवासल्यात पक्ष ओळखीचा होता. जेथे दोन्हींपैकी एकाचीही मुळे खोल नव्हती, तेथे एका महिन्यात ती रुजवता आली नाहीत. आणि बारामती विधानसभा क्षेत्राने एकट्यानेच लाखावर मतांचे अंतर पाडले. ह्याच मतदारसंघात 2014 साली महादेव जानकर ह्यांनी, कमळ हे चिन्ह न घेता, सुळे ह्यांचे मताधिक्य सत्तर हजारांच्या आत आणले होते. 2009 साली ते 3 लाख 36 हजारांवर होते. 2014च्या लाटेचा वाटा त्यात होताच. पण जानकर त्याआधी अनेक वर्षे वाड्यावस्त्यांवर, मेंढपाळांच्या तळांवर फिरत होते, हेही तितकेच खरे आहे. लाट तर 2019मध्येही होती.

ह्याचा अर्थ असा की उमेदवारी जाहीर होण्याची तारीख आणि उमेदवारी सुरू होण्याची तारीख ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दौंडच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागू नये. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लावला जातो आणि सुमारे दीड वर्षाने तुटतो. लागणीची नोंद ज्या तारखेची, त्या क्रमाने तोड येते. ज्याने नोंद केली नाही त्याने गाळप सुरू झाल्यावर कारखान्याच्या गटकार्यालयात कितीही खेपा घातल्या, तरी त्याचा ऊस तुरे फुटेपर्यंत उभाच राहतो.

दौंड तालुक्याच्या राजकारणात ही नोंद कोण ठेवतो? एका बाजूला पाटसचा भीमा सहकारी साखर कारखाना, ज्याची सूत्रे कुल घराण्याकडे राहिली. दुसऱ्या बाजूला पुणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक, जिच्यात रमेश थोरात ह्यांनी दीर्घकाळ काम केले. उसाचे बिल आणि पीककर्ज ह्या दोन वाटांनी शेतकऱ्याच्या दारी बाराही महिने कोणी ना कोणी येत असते. म्हणूनच 2009मध्ये थोरात अपक्ष म्हणून उभे राहूनही निवडून आले, आणि म्हणूनच 2019मध्ये ह्या दोघांतील विधानसभेची लढत अवघ्या 746 मतांनी राहुल कुल ह्यांच्या बाजूने लागली. तालुक्यात मतदान केंद्रे तीनशे धरली तर हे अंतर केंद्रामागे अडीच मतांचे होते. त्याच थोरातांनी 2024मध्ये निवडणूक तोंडावर आलेली असताना पक्ष बदलून शरद पवारांच्या पक्षाची उमेदवारी घेतली, तेव्हा मात्र त्यांना यश आले नाही. माणूस जुना, मतदार जुने; पण झेंडा बदलला की कार्यकर्त्याला स्वतःचीच कालची भाषणे खोडावी लागतात, आणि त्यालाही वेळ लागतो.

अब्जाधीशालाही न मिळालेला वेळ

पैसा असला की उशीर भरून काढता येतो, हा समज फार रूढ आहे. अमेरिकेने त्याची परीक्षा घेतली आहे. तेथे राष्ट्राध्यक्षपदाचा पक्षाचा उमेदवार राज्याराज्यांतील प्राथमिक निवडणुकांतून ठरतो. मायकेल ब्लूमबर्ग ह्या अब्जाधीशाने डेमोक्रॅटिक पक्षाच्या स्पर्धेत 24 नोव्हेंबर 2019 रोजी, इतरांच्या कितीतरी नंतर, उडी घेतली. पहिली चार राज्ये त्यांनी सोडूनच दिली आणि जाहिरातींवर पाण्यासारखा पैसा ओतला. एकूण खर्च एक अब्ज डॉलरच्या घरात गेला. 3 मार्च 2020च्या मतदानात त्यांच्या पदरी पडली ती अमेरिकन सामोआ ही छोटी बेटे. दुसऱ्याच दिवशी त्यांनी माघार घेतली. प्रसिद्धी विकत मिळते, शेजाऱ्याचा विश्वास विकत मिळत नाही, एवढेच ह्यातून सिद्ध झाले.

परंतु त्याच देशाच्या इतिहासात उलट उदाहरणही आहे आणि ते अधिक बोधप्रद आहे. 1968मध्ये ह्यूबर्ट हंफ्री एप्रिलच्या अखेरीस रिंगणात उतरले, एकही प्राथमिक निवडणूक त्यांनी लढविली नाही, आणि तरीही ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात पक्षाची उमेदवारी त्यांनाच मिळाली. कारण तेव्हा बहुसंख्य प्रतिनिधी राज्यांतील पुढाऱ्यांच्या मुठीत होते. उशिरा येणाऱ्याला दार उघडते ते असे : किल्ली थोड्यांच्या हाती असली पाहिजे. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध महिनोन्‌महिने दारोदार फिरलेले तरुण अधिवेशनाबाहेर पोलिसांचा मार खात होते आणि आत उमेदवार ठरत होता. नोव्हेंबरमध्ये हंफ्री हरले. ह्या अनुभवानंतर पक्षाने प्रतिनिधी निवडण्याचे नियम बदलले आणि 1972पासून सामान्य सदस्याच्या मताला महत्त्व आले. 2024मध्ये जो बायडेन ह्यांनी 21 जुलैला माघार घेतली तेव्हा प्राथमिक निवडणुका आटोपल्या होत्या. कमला हॅरिस ह्यांना सदस्यांच्या मताची कसोटी न देता आणि अवघ्या 107 दिवसांत लढावे लागले. त्यांच्या पराभवाला अनेक कारणे होती. पण निर्णय ज्येष्ठांनी लांबविला आणि किंमत सगळ्या पक्षाने मोजली, ही तक्रार त्यांच्याच पक्षातून झाली.

महाराष्ट्रातही सदस्यांच्या मताचा प्रयोग झाला आहे. 2014च्या लोकसभेसाठी काँग्रेसने देशातील मोजक्या मतदारसंघांत पक्षांतर्गत मतदानाने उमेदवार ठरविला. त्यात वर्धा होते. तेथे विद्यमान खासदार दत्ता मेघे ह्यांचे पुत्र सागर मेघे आणि प्रभा राव ह्यांच्या कन्या चारुलता टोकस ह्यांच्यात चुरस झाली, मेघे जिंकले, आणि प्रत्यक्ष निवडणुकीत दोन लाखांहून अधिक मतांनी हरले. ह्यावरून सदस्यांचे मतदान निरुपयोगी, असा निष्कर्ष काढणारे काढोत. खरी गोष्ट अशी की मतदानाचा हक्क पदाधिकाऱ्यांपुरता होता, आणि सारा सोपस्कार निवडणूक दारात आली असताना उरकण्यात आला. पद्धत नवी आणली, पण वेळ आणि घराणी जुनीच ठेवली.

राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीतही विरोधकांची हीच गत झाली. 2022मध्ये शरद पवार, फारूख अब्दुल्ला आणि गोपालकृष्ण गांधी ह्यांनी एकामागून एक नकार दिल्यावर 21 जूनला यशवंत सिन्हा ह्यांचे नाव ठरले. मतदान 18 जुलैला होते. सत्ताधाऱ्यांनी द्रौपदी मुर्मू ह्यांचे नाव पुढे करताच विरोधी आघाडीतील शिवसेना आणि झारखंड मुक्ती मोर्चा त्यांच्या बाजूला गेले. आकडे मुळातच प्रतिकूल होते हे मान्य केले, तरी आपल्या उमेदवारामागे आपलीच माणसे उभी करण्याइतका अवधी विरोधकांनी स्वतःला दिला नव्हता.

उशिरा येऊन जिंकणारे

येथे एक आक्षेप निघेल, आणि तो हलका नाही. 1977चे काय? 18 जानेवारीला निवडणूक जाहीर झाली, जनता पक्ष त्यानंतर पाच दिवसांनी उभा राहिला आणि 16 मार्चपासून मतदान सुरू झाले. अनेक उमेदवार नुकतेच तुरुंगातून सुटले होते. जॉर्ज फर्नांडिस तर तुरुंगात असतानाच मुझफ्फरपूरहून प्रचंड मतांनी निवडून आले. महाराष्ट्रात राजापुरातून मधु दंडवते, औरंगाबादेतून बापू काळदाते, उत्तर मुंबईतून मृणाल गोरे विजयी झाल्या. खुद्द बारामतीतून जनता पक्षाचे संभाजीराव काकडे लोकसभेत गेले. दोन महिन्यांत हे कसे झाले?

दोन महिन्यांत झाले नाही, हेच त्याचे उत्तर. मृणाल गोरे गोरेगावात पाण्यासाठी आणि मुंबईत महागाईविरुद्ध स्त्रियांना घेऊन कित्येक वर्षे रस्त्यावर होत्या. लोकांनी त्यांना पाणीवाली बाई हे नाव दिले ते 1977च्या मतपत्रिकेवर नाव येण्याच्या फार आधी. फर्नांडिसांनीही 1967मध्ये दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना हरविले ते ऐनवेळी नव्हे. पाटील हरू शकतात हे लोकांच्या मनात उतरविण्याचे काम त्यांनी मतदानाच्या पुष्कळ आधी सुरू केले होते. 2024मध्ये सांगलीत आघाडीच्या वाटपात जागा दुसऱ्या पक्षाकडे गेल्यावर विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि लिफाफा ह्या अनोळखी चिन्हावर सुमारे एक लाख मतांनी जिंकले. त्यांच्या मागे वसंतदादांच्या घराण्याची दोन पिढ्यांची बांधणी होती आणि जिल्ह्यातील काँग्रेसचा कार्यकर्ता मनाने केव्हाच त्यांच्यासोबत होता. बारामतीत त्याच वर्षी सुप्रिया सुळे नव्या चिन्हावर 1 लाख 58 हजारांनी निवडून आल्या; चिन्ह नवे होते, माणूस पंधरा वर्षांचा होता.

ह्या विजयांचे दोनच आधार दिसतात : घराण्याची बांधणी किंवा चळवळीची बांधणी. समाजवादी कार्यकर्त्याजवळ घराणे नाही. म्हणून उशीर परवडणाऱ्यांच्या यादीत त्याचे नाव नाही. धनदांडग्याला उशीर झाला तर तो पैसा मोजतो. वतनदाराला झाला तर तो आजोबांचे नाव सांगतो. शेतमजुराच्या किंवा कंत्राटी कामगाराच्या प्रतिनिधीला उशीर झाला तर त्याची अनामत जाते, आणि तिच्याबरोबर पुढील पाच वर्षांची उमेद.

आघाडीची वाट पाहताना

लहान पक्षांची अडचण खरी आहे. मोठ्या मित्रपक्षांचे जागावाटप अर्जाच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालते आणि तोवर लहान पक्षाने नाव जाहीर करू नये अशी अपेक्षा असते. 2024च्या विधानसभेला सांगोल्यात महाविकास आघाडीतील शिवसेना आणि शेतकरी कामगार पक्ष दोघांनीही उमेदवार दिले. शेतकरी कामगार पक्षाचे बाबासाहेब देशमुख तेथे निवडून आले, कारण गणपतराव देशमुखांनी अर्धशतक जपलेली शाखा जागेवर होती. जेथे शाखा नसते तेथे वाट पाहणारा पक्ष शेवटी दुसऱ्याच्या सभेत सतरंज्या उचलतो.

म्हणून काही गोष्टी निवडणूक नसताना ठरल्या पाहिजेत. प्रत्येक तालुक्यातील सभासदांनी, केवळ पदाधिकाऱ्यांनी नव्हे, गुप्त मतदानाने आपला संभाव्य उमेदवार किमान वर्षभर आधी निवडावा. हरलेल्याने जिंकलेल्याचे काम करण्याचा शब्द त्याच सभेत द्यावा. मित्रपक्षांशी बोलणी जरूर करावीत, पण बोलणी संपण्याची तारीख स्वतः ठरवून त्यांना आधी कळवावी. समान चिन्हासाठीचा अर्ज मुदतीत करावा. मतदारयादीचे काम वर्षभर चालावे : पाटससारख्या गावात प्रत्येक मतदान केंद्रामागे दोन माणसे नेमून यादी घरोघर वाचली, तर वगळलेली नावे निवडणुकीच्या आधी सापडतील, मतदानाच्या दिवशी नव्हे. आणि हे सारे शक्य नसेल, तर उमेदवार देऊच नये. आपली मागणीपत्रिका घेऊन ज्याला पाठिंबा द्यायचा त्याला उघडपणे द्यावा. न लढण्यात नामुष्की नाही, तयारीवाचून लढण्यात आहे.

लवकर ठरलेल्या उमेदवाराला धोके आहेत. त्याच्यावर दडपण येईल, त्याला फोडण्याचे प्रयत्न होतील, वर्षभरात त्याच्याबद्दल कुरबुरीही निघतील. परंतु जो वर्षभराचे दडपण सोसू शकत नाही तो पाच वर्षे विधानसभेत काय सोसणार? सभासदांना त्याची पारख निवडणुकीआधी झालेली बरी.

सहकारी कारखान्याचा सभासद उसाच्या बिलासाठी, दूध उत्पादक लिटरमागच्या दोन रुपयांसाठी, कंत्राटी कामगार हजेरीच्या नोंदीसाठी रोज भांडतो आहे. ज्या दिवशी त्या भांडणात पक्षाचा माणूस त्याच्या शेजारी उभा राहील, तो त्या पक्षाच्या उमेदवारीचा पहिला दिवस. तो दिवस निवडणूक आयोग जाहीर करीत नाही. तो शाखेच्या पुढच्या बैठकीत ठरवायचा आहे.